आठ रविवार

१७ जानेवारी १९८२, रविवार

सुभेदार कटरे यांनी आज पहिल्याच दिवशी सांगितलं की प्रत्येकाने एक वही ठेवायची. पाण्यात काय शिकलो, काय चुकलं, कशाची भीती वाटली, ते घरी जाऊन त्याच दिवशी लिहून काढायचं. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलं की माणूस स्वतःला बरं दिसेल असं लिहितो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ही वही.

भैय्याजी कटरे मूळचे तिरोड्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. पहाडात बर्फ वितळून येणाऱ्या नद्यांवर ते जवानांना कयाक चालवायला शिकवत. कयाक म्हणजे एकाच माणसाची अरुंद होडी. वरून बंद, मधोमध बसण्यापुरतं भोक. पाय आत लांब करून बसायचं आणि कमरेभोवती रबराचं झाकण ताणून लावायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. अशा दोन होड्या त्यांनी कुठून कुठून आणल्या आहेत आणि आठ रविवारांचा वर्ग काढला आहे. आम्ही पाच जण, सगळे जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांतले. वयाने मी मोठा, एकोणचाळीस. पोहता न येणारा मी एकटाच. ते म्हणाले, अंगात जॅकेट असतं, बुडणार नाही, आणि दर वेळी शेवटचा अर्धा तास तुम्हाला पोहायला शिकवीन.

जागा भंडाऱ्याच्या खाली, काळापाट म्हणतात ती. तिथे वैनगंगेच्या पात्रात या काठापासून त्या काठापर्यंत काळा खडक आडवा पडला आहे. माघात पाणी थोडं, पण जे असतं ते सगळं खडकातल्या तीन फटींतून फेसाळत जातं. आम्ही अजून फटींच्या जवळही गेलो नाही. वरच्या संथ पाण्यात पहिला धडा झाला, तो उलटं होण्याचा. होडी मुद्दाम उलटी करायची, डोकं पाण्यात, आणि झाकण ओढून बाहेर यायचं. पाणी इतकं थंड होतं की कपाळात कळ गेली. मला एकदाही जमलं नाही. चारही वेळा सुभेदारांनी मला उपसून काढलं.

मदतीला एक ढिवर, इथला मासेमार, त्याचा डोंगा म्हणजे लाकडी नाव घेऊन उभा होता. तो डोमा निघाला. त्याने मला ओळखलं, मी त्याला. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या मंडईहून, म्हणजे गावच्या जत्रेहून, परतताना याच नदीत, इथून कोसभर खाली, आमचा डोंगा उलटला तेव्हा डोमाने मला बाहेर काढून आपल्या घरी नेलं होतं. आमची वनू त्याला तिसऱ्या दिवशी सापडली. नऊ वर्षांची होती.

घरी येऊन कुंताला सांगितलं की मी पाण्यात उतरायला शिकतो आहे. ती तांदूळ निवडत होती. "पाण्यात?" एवढं म्हणाली आणि सूप पुढे ओढलं.

१८ जानेवारी

कान दुखतो आहे. कुंताने माझे नदीचे कपडे धुतले, पण दोरीवर घातले नाहीत. मागच्या कुंपणावर, वेगळे. रेती असते म्हणून असेल.

२४ जानेवारी, रविवार

जमलं. दोनदा. आधी मनात तीन आकडे मोजायचे, मग दोन्ही हात होडीच्या पोटावर आपटायचे, म्हणजे आपण जिवंत आहोत हे बाहेरच्यांना कळतं, मग झाकणाची पट्टी पुढे ओढायची आणि पँटमधून पाय काढावेत तसे पाय काढायचे. पहिल्यांदा वर आलो तेव्हा मी रडत होतो की नाकातून पाणी येत होतं, माझं मलाच समजलं नाही. श्यामराव (कँटीनमधला, देहाने मोठा, मनाने त्याहून मोठा) काठावर टाळ्या वाजवत होता.

जेवताना कुंताला सगळं सांगितलं. दोन वर्षांत तिने माझ्या कुठल्याच गोष्टीत लक्ष घातलं नव्हतं. आज तिने विचारलं, "पाण्यात डोळे उघडे राहतात का?" मला फार बरं वाटलं. मी नीट समजावून सांगितलं: राहतात, सगळं पिवळसर हिरवं दिसतं, आवाज बंद होतो, फक्त आपल्याच छातीचे ठोके ऐकू येतात, आणि वर पाहिलं तर उजेड हलताना दिसतो. ती ताटावरून उठली. पुढचं ऐकायला आली नाही, पण विचारलं तर खरं. हळूहळू येईल.

३१ जानेवारी

ताप. गेलो नाही असं व्हायला नको म्हणून तापातच गेलो. वल्हं धरण्यापलीकडे काही झालं नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

आज पहिल्यांदा वाहत्या पाण्यात. नियम असा की पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला कधी झुकायचं नाही. झुकलात की होडी उलटलीच. मोठ्या दगडाच्या मागे पाणी थांबलेलं असतं, तिथे शिरून दम घ्यायचा. एवढ्या धावत्या पाण्यात अशी थांबलेली जागा असते हे मला माहीत नव्हतं. मी त्या जागेत बराच वेळ बसून राहिलो. सुभेदारांनी शिटी वाजवली तेव्हा निघालो. शेवटच्या अर्ध्या तासात जॅकेट काढून दहा हात पोहलो.

नंतर डोमाजवळ बसून बिडी ओढली. इतके दिवस आम्ही एकमेकांना टाळत होतो. तो म्हणाला, "बाई बऱ्या हायेत ना जी?" मी म्हटलं बरी आहे. त्यावर तो सहज म्हणाला, "या मंगळवारी आल्या नाई. म्हून पुसलं."

मला काही उमजेना. मग त्याने सांगितलं की कुंता दर मंगळवारी बसने येते. दोन वर्षांपासून. खालच्या घाटावर दगडावर बसते, तास-दोन तास, आणि दुपारच्या बसने परत जाते. मी कारखान्यात असतो तेव्हा. डोमाला वाटत होतं की मला ठाऊक आहे.

मला तर वाटायचं ती नदीचं नाव काढू देत नाही. घरी आलो. विचारायचं ठरवून आलो होतो, पण ती भाकर टाकत होती, मग भांडी घासत होती, मग राहून गेलं. आणि या मंगळवारी का गेली नसेल? एक कारण मला सुचतं. आता मी तिथे जातो म्हणून तिला गरज उरली नसेल. बरंच आहे.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज वाचवायचं कसं ते शिकलो. बुडणाऱ्याजवळ होडीचं मागचं टोक न्यायचं, त्याला ते धरू द्यायचं आणि ओढत काठाला आणायचं. आपला हात कधी द्यायचा नाही. कुणीतरी विचारलं, का? सुभेदार म्हणाले, "बुडता आदमी हात छोडता नहीं. पोरगं तर नाहीच नाही. त्याचा हात कधी सुटत नाही, आपल्याला सोडवावा लागतो."

सगळे पुढच्या धड्याला लागले. मी काठावर जाऊन जॅकेटचे पट्टे उगीच सोडत-बांधत राहिलो.

त्याच दिवशी लिहायचं असा वहीचा नियम आहे म्हणून लिहितो. मी सगळ्यांना सांगितलं होतं की डोंगा उलटला आणि वनूचा हात सुटला. पोलिसांना, सासऱ्यांना, कुंताला. मी स्वतःही तसंच म्हणत आलो. सुटला नव्हता. तिने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. तिच्या वजनाने मी खाली जात होतो. नाकातोंडात पाणी गेलं आणि मी तिची बोटं सोडवली. दुसऱ्या हाताने. मग डोंग्याची कड धरली.

हे लिहून झालं. आता वही कुठे ठेवायची हा प्रश्न आहे.

१७ फेब्रुवारी

कुंताने मोठी पेटी खाली काढली आहे. तिच्या साड्या, वनूचे दोन फ्रॉक, पाटी, सगळं उन्हात घालून पुन्हा घड्या करून ठेवत होती. शेजारच्या ललिताबाई मदत करत होत्या. मी विचारलं तर म्हणाली, कसर लागते. घर आवरायला घेतलं हे चांगलं लक्षण आहे. दोन वर्षं त्या पेटीला कुणी हात लावला नव्हता.

२१ फेब्रुवारी, रविवार

काल गारा पडल्या. लिंबाएवढ्या. लाखोरी झोपली, गहू झोपला, येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं चादर टाकल्यासारखी पडलेली. नदीचं पाणी गढूळ आणि असं थंड की सुभेदार स्वतः म्हणाले, पहाडाची याद आली. बोटं वल्ह्याला चिकटल्यासारखी होतात, उघडत नाहीत. सगळ्यात सोप्या फटीतून, म्हणजे काठाजवळच्या, एकेकाला सोडलं. मी दोनदा उलटलो आणि दोन्ही वेळा स्वतः बाहेर आलो. होडी धरून पोहत काठाला आलो. डोमाने डोंगा पुढे काढला होता, मी त्याला हातानेच नको म्हटलं.

२८ फेब्रुवारी, रविवार

मधल्या फटीतून गेलो. उलटलो नाही!

तिथे पाणी पुरुषभर खाली कोसळतं. वरून फक्त एक गुळगुळीत काळी कड दिसते आणि पुढे आवाज. सुभेदारांनी सांगितलं होतं, डर लागला की वल्हं चालव, हात थांबवू नको. मी चालवलं. तोंडावर पाण्याचा फटका बसला, काही दिसेना, आणि मग एकदम मी खालच्या शांत पाण्यात होतो, सरळ, माझ्या गळ्यातून ओरडण्याचा आवाज येत होता. आनंदाने ओरडत होतो. ओरडणं थांबल्यावर शरम वाटली. पण आनंद झाला होता हे खोटं नाही.

पुढच्या रविवारी शेवटचा वर्ग, घरच्यांना बोलावलं आहे. कुंताला म्हटलं, तू ये. तिने बघायला हवं असं मला फार वाटतं. मी आता तो माणूस राहिलो नाही, हे तिला दिसलं पाहिजे. आधी नको म्हणाली. मग सायंकाळी दिवा लावून झाल्यावर आपणहून म्हणाली, "येतो मी. एकडाव पाहून घेतो."

७ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

शुक्रवारी, शनिवारी वर कुठेतरी अवकाळी पाऊस झाला होता. पाणी हातभर चढलेलं, वारा झोंबणारा. सुभेदारांनी मधली फट बंद केली, फक्त काठाजवळची. कुंता डोमाच्या डोंग्याजवळ, दगडावर बसली होती. डोक्यावरून पदर, हात मांडीवर. बाकीच्या बायका चिवडा, संत्री घेऊन आल्या होत्या, हसत होत्या.

श्यामरावचा नंबर होता. पाण्याने त्याला ओढून मधल्या फटीकडे नेलं. तिथे होडी आडवी झाली, तो पाणी येणाऱ्या बाजूला झुकला आणि उलटला. बाहेर आला, पण फटीखालच्या खडकाला पाठ लागून अडकला, छातीवर पाण्याचा लोंढा. सुभेदार वरच्या काठाला होते. डोमाचा डोंगा तिथे जाऊच शकत नव्हता. दुसऱ्या होडीत मी होतो, खालच्या थांबलेल्या पाण्यात.

मी गेलो. विचार करून गेलो असं नाही. दगडामागून दगडामागे चढत गेलो, शिकवल्याप्रमाणे, आणि होडीचं मागचं टोक त्याच्यापाशी नेलं. तो निळा पडला होता. त्याने आधी माझ्या हाताकडे हात पुढे केला. मी ओरडलो, होडी धर, श्यामराव, होडी. त्याने धरली. मी ओढत काठाला आणला.

मग सगळे माझ्याभोवती. श्यामरावची बायको सत्यभामाबाई माझ्या पायाच पडल्या. सुभेदारांनी सगळ्यांसमोर सलाम ठोकला आणि प्रमाणपत्रावर आपल्या हाताने एक ओळ जास्त लिहिली. अंगावर तीन कांबळी टाकली तरी मी थरथरत होतो, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला माझं शरीर आपलं वाटत होतं. मी कुंताकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती. तिने सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी फिटलं.

बसची वाट बघत आम्ही पळसाखाली उभे होतो. फुलं खाली पडलेली. तिने विचारलं, "किती रविवार झाले हे?"

मी अभिमानाने सांगितलं, "आठ. आजचा आठवा."

"आठच?"

"हो. सुभेदार म्हणाले, माझ्यासारखा..."

"वनू नऊ वर्साची होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. रस्त्याकडे बघत म्हणाली. "नऊ वर्स आपण या नदीपाशी राह्यलो. त्यात किती रविवार असतात जी?"

बस आली. ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली. प्रमाणपत्र माझ्या हातात होतं, ते भिजू नये म्हणून मी शर्टाच्या आत घातलं आणि मग काढून टाकलं. कुठे टाकलं आठवत नाही.

८ मार्च

कारखान्यातून आलो तर दाराला कुलूप. किल्ली ललिताबाईंकडे. कुंता सकाळच्या बसने माहेरी, सानगडीला गेली, भाऊ घनश्याम न्यायला आला होता. मोठी पेटी नाही. ललिताबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिनं तं तवाच ठरवलं होतं, पेटी काढली तवा. तुमच्या शेवटच्या रविवारापर्यंत थांबते म्हणे." माझा डब्बा, दोन दिवसांचं पीठ, घासलेली भांडी, सगळं जागच्या जागी. वही मी जिथे ठेवली होती तिथेच, चटईखाली. तिने वाचली की नाही ते सांगता येत नाही.

१४ मार्च

सुभेदार घरी आले होते. पुढच्या वर्गाला मदतनीस म्हणून या म्हणाले. मी बघतो म्हटलं. त्यांनी रिकामं घर पाहिलं. जाताना म्हणाले, "वासुदेवराव, पाणी कुणाला माफ करत नाही आणि कुणावर रागावतही नाही. माणसाचं तसं नसतं." चहा अर्धा ठेवून गेले.

होळीला कॉलनीत खूप गडबड होती. मी दार लावून होतो.

२१ मार्च, रविवार

सानगडीला जाऊन आलो.

तलावाखालच्या बांध्यांत उन्हाळी धानाचं निंदण चालू होतं. कुंता भावाच्या बांधीत होती, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, इतर बायकांच्या रांगेत. मला पाहून ती हात धुऊन वर आली. सासऱ्यांनी, घनश्यामने पाहुण्यासारखं वागवलं, चहापाणी झालं. मग आम्ही दोघं तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, जाऊन बसलो. वारा होता.

मी वहीत लिहिलं होतं ते तोंडाने सांगितलं. हात सुटला नव्हता, मी सोडवला. बोटं सोडवली. हे सांगायला मी सकाळपासून बसमध्ये शब्द जुळवत होतो, आणि सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

ती आधी पायावरचा वाळलेला चिखल खरवडत राहिली. मग म्हणाली, "मले वाटलंच होतं. तुमच्या मनगटावर नखं उमटले होते. मी पाह्यले, डोमाच्या घरी. तुमी झोपले होते तवा." म्हणजे पहिल्या दिवसापासून.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? दोन वर्षं?

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. म्हणाली, "त्या दिवशी तुमी दोघं मंडईले गेले ना, मले बरं वाटलं होतं. वनू तिकडे, घर सामसूम. मी जेवली अन् निजली. इतकी निजली का दिवे लागणीले उठली. त्या दिवसासारखी झोप मले आजवर आली नाई."

मी म्हटलं, झोपलीस तर काय झालं, त्यात काय आहे. दिवसभर राबणारं माणूस झोपणारच. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलायचं राहिल्यासारखं. मी आणखी काय बोलणार होतो? मी म्हटलं, घरी चल. ती नाही म्हणाली. रागाने नाही. धान कापणीपर्यंत इथेच राहतो म्हणाली, पुढचं पुढे. मग म्हणाली, "जा आता. बस चुकन."

स्टँडपर्यंत घनश्याम आला. ती पाळीवरूनच खाली बांधीत उतरली.

२२ मार्च, सोमवार

कामात लक्ष नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात. मी माझं सगळ्यात वाईट सांगायला गेलो, ते तिला ठाऊकच होतं, आणि तिने मला झोपेची गोष्ट सांगितली. काय म्हणून सांगितली? वनू पाण्यात होती आणि ती घरी निजली होती, हे तर मला ठाऊक नव्हतं, पण त्यात तिची चूक ती कोणती? मी तसं म्हणालो तर तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, हे मला दिसलं.

सायंकाळी पत्र लिहायला बसलो. सौ. कुंतास अनेक आशीर्वाद, असं लिहिलं आणि खोडलं. मी तिला कसले आशीर्वाद देणार? नुसतं कुंता लिहिलं. मग पुढचं सुचेना. शेवटी दोनच ओळी झाल्या, त्याच टाकतो उद्या टपालपेटीत:

त्या दुपारच्या झोपेचं तू सांगितलंस ते मला नीट कळलं नाही. पुन्हा सांगशील तर मी रविवारी येतो, आणि या वेळी मधे बोलणार नाही.